सरांच्या बाजूने दोन शब्द

गाडी शिकवणाऱ्याला लोक सर म्हणतात ते शिकेपर्यंतच. परवाना हातात पडला की सर संपले. क्लचसरांचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे शिकलेली माणसं पंधरा-वीस वर्षांनीही रस्त्यात थांबून त्यांची चौकशी करायची, बरोबरच्या माणसाला कौतुकाने सांगायची, "यांच्यामुळे मी आज धडधाकट आहे." 'क्लच' हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही. का पडलं ते मात्र सगळ्यांना ठाऊक. समोर भिंत येवो, कुत्रं येवो नाहीतर पोलीस, सर एकच शब्द म्हणायचे. ओरडायचे नाहीत, म्हणायचे. एक बाई तर सांगायच्या की नवऱ्याशी वाद हाताबाहेर जायला लागला की त्या अजूनही मनातल्या मनात 'क्लच' म्हणतात आणि पाणी प्यायला उठतात.

नियमाला सर कडक. पट्टा लावल्याशिवाय किल्लीला हात लावू द्यायचे नाहीत. पिवळा दिवा लागला की थांबायचं, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

अशा माणसाला कर चुकवल्याबद्दल शिक्षा झाली.

धंदा म्हणजे एक गाडी, दोन्ही बाजूंना ब्रेक आणि क्लच असलेली, आणि सर एकटे. फोन बायको घ्यायची, वेळा तीच लावून द्यायची. तास संपला की शिकणारा पैसे हातात ठेवायचा आणि सर ते शर्टाच्या खिशात टाकायचे. पहिल्या वर्षी कर भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी किती जणांना शिकवलं याचा अंदाज लिहिला, आणि अंदाज लिहिताना हात जरा आखडता घेतला. कुणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी तोच आकडा लिहिला. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. जणू त्या शहरात दर वर्षी ठरावीक चाळीस माणसांनाच गाडी शिकायची हुक्की येत होती.

मग एकदा कर कार्यालयातून विचारणा आली. वाहन परीक्षेच्या नोंदींवरून तुमच्या गाडीतून वर्षाला दोनशेच्या आसपास माणसं परीक्षेला बसलेली दिसतात, तुमच्या हिशेबात चाळीस आहेत, तरी खुलासा करावा. सरांनी फोन लावला. पलीकडचा अधिकारी आवाजावरून पोरगेलासा वाटत होता आणि चांगला बोलत होता. "चूक झाली असेल तर तसं सांगा, काका. राहिलेला कर दंडासकट भरून टाका. इथेच मिटेल."

तिथेच मिटलं असतं. पण त्या पोरासमोर 'हो, चुकवला' हे दोन शब्द सरांच्या तोंडून बाहेर पडेनात. कान तापले. त्यांनी सांगून टाकलं की बाकीचे शिकणारे त्यांचे नाहीत, गाडी अधूनमधून मामेभाऊ चालवायला नेतो, ते त्याचे विद्यार्थी. अधिकारी म्हणाला, तसं लिहून द्या. सरांनी लिहून दिलं, खाली सही केली.

कार्यालयाने मामेभावाला बोलावलं. मामेभाऊ आयुष्यात सायकलीच्या पुढे गेला नव्हता. गाडीत मागे बसला तरी त्याला मळमळायचं. त्याने तिथे जाऊन खरं ते सांगितलं आणि सरांना फोन केला. "दादा, मला आधी सांगायचं तरी होतंस," एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

दंडावर भागणारं प्रकरण त्या सहीमुळे कोर्टात गेलं.

घरी सांगायची वेळ आली तेव्हा सरांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. ती ओटा पुसत होती. सगळं ऐकताना तिने पुसणं थांबवलं नाही, फक्त एकाच जागी फडकं फिरवत राहिली.

"मला वाटायचं तुम्ही सगळं लिहिता," ती म्हणाली.

"तुला विचारायला हवं होतं."

"नका असं म्हणू. विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. तेच मला खातंय."

मुलीला सांगणं त्याहून जड गेलं. ती सरकारी इस्पितळात नर्स म्हणून नुकती लागली होती. कामावरून आली की आधी पाय पाण्यात घालून बसायची. तशी बसलेली असतानाच सरांनी तिला सांगितलं.

"माझा कर दर महिन्याला कापतात, बाबा," ती म्हणाली. "पगार हातात यायच्या आधीच. मला विचारतसुद्धा नाहीत." मग उठून ओल्या पायांनीच आत गेली. फरशीवर पावलं उमटली ती सरांनी फडक्याने पुसली.

वकीलबाई तरुण होत्या, बोलायला चटपटीत. त्यांचं ऑफिस एका छपाईच्या दुकानावर होतं आणि खालचं यंत्र सुरू झालं की टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरायचा. त्यांनी सरांना गुन्हा कबूल करायला लावला, कारण नाकारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आता प्रश्न शिक्षेचा होता. त्या दिवशी सर आणि बायको दोघं त्यांच्यासमोर बसले होते.

"कारण काय सांगायचं?" वकीलबाईंनी विचारलं.

"कशाचं?"

"एवढे पैसे गेले कुठे? घरात कुणी आजारी होतं? ऑपरेशन? कर्ज?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. पैसे कुठे गेले ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. एक सोफा आला. मुलीच्या दातांना तारा बसवल्या. दोनदा समुद्रावर जाऊन आले, चांगल्या हॉटेलात राहिले. पंखे बदलले. बाकी नुसते गेले.

"कुणी आजारी नव्हतं," ते म्हणाले.

"इतक्या वर्षांत कुणीच नाही?" वकीलबाईंच्या आवाजात तक्रारीचा सूर होता.

"आईंचे गुडघे दुखायचे की मध्ये," बायको हळूच म्हणाली.

वकीलबाईंनी लगेच पेन उचललं. "मध्ये म्हणजे किती दिवस?"

"अगं, ते थंडीपुरतं," सर म्हणाले. पण लिहिलं जात होतं, आणि त्यांनी हात धरला नाही. खालचं यंत्र सुरू झालं. ग्लास थरथरला.

"आणि दोन माणसं आणा," वकीलबाई म्हणाल्या. "प्रतिष्ठित. तुमच्या बाजूने दोन शब्द बोलतील अशी."

म्हणजे दोन माणसांना जाऊन आधी सगळं सांगणं आलं. आत्तापर्यंत घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. सर आधी औषधांच्या दुकानदाराकडे गेले. तो, त्याची बायको, त्याची दोन्ही मुलं सरांकडेच शिकलेली. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून सर खोकल्याच्या गोळ्यांची बरणी बघत उभे राहिले. मग दुसरं गिऱ्हाईक आलं. मग तिसरं. शेवटी दुकानदारच म्हणाला, "सर, काय देऊ?" आणि सरांनी काउंटरवर वाकून, एखादं नाजूक औषध मागावं तसं, कुजबुजत सांगितलं.

दुकानदाराने चष्मा काढून पुसला. "सर, तुमच्यासाठी जीव देईन," तो म्हणाला. मग दुकानाच्या दाराकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "पण कोर्टात नको. उगाच माझ्या नावाकडे कुणाचं लक्ष जायला नको. तुम्ही समजून घ्याल." आणि त्याने खोकल्याच्या गोळ्यांची पुडी सरांच्या हातात कोंबली, पैसे घेतले नाहीत.

सरांनी घेतलं समजून. घरी येताना त्यांच्या लक्षात आलं की दुकानदाराने त्यांच्याकडे आपल्यातला एक म्हणून पाहिलं होतं. नकारापेक्षा ते जास्त लागलं.

हो म्हणाल्या त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. बासष्टाव्या वर्षी, यजमान गेल्यावर, त्या गाडी शिकायला आल्या होत्या. तीन वेळा नापास झाल्या, चौथ्यांदा पास झाल्या. सरांचं बोलणं त्यांनी वर्गात ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकलं. "चूक केलीत," त्या म्हणाल्या. "पण मी येईन. मला जे माहीत आहे ते सांगेन."

दुसरं माणूस सरांनी शोधलंच नाही. एकदा तोंड उघडलं तेवढं पुरे झालं होतं.

कोर्टाच्या दिवशी आई तयार होऊन दारात बसलेली. ऐंशीच्या घरातली बाई, पांढरं स्वच्छ लुगडं, मांडीवर पर्स. तिला एवढंच सांगितलं होतं की कराचं काहीतरी काम आहे. पण घरातली कुजबुज तिला ऐकू येत नव्हती असं थोडंच.

"तू कशाला, आई? तिथे बसायला धड जागा नसते," सर म्हणाले.

"तुझी शाळा होती तेव्हा प्रत्येक सभेला गेले," आई म्हणाली. "आजच घरी बसू होय?"

कोर्टाची लिफ्ट बंद होती. दोन मजले चढायचे होते. आई कठड्याला हात लावून सुनेच्या पुढे चढली आणि वर जाऊन सुनेची वाट बघत उभी राहिली.

खोली लहान होती, भिंतींना फिक्कट हिरवा रंग, एक पंखा आवाज करणारा. न्यायाधीशबाई साठीच्या आतबाहेरच्या, केस आखूड, समोरच्या कागदांवरून नजर न काढता ऐकणाऱ्या. त्यांनी आधी सरकारी वकिलाचं ऐकलं, मग मुख्याध्यापिकाबाईंना बोलायला सांगितलं.

मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. त्यांनी जे सांगितलं ते मनापासून होतं, आणि एकही शब्द खोटा नव्हता.

"सरांसारखा कष्टाळू माणूस मी पाहिला नाही. सकाळी सहाला पहिला तास, अंधार पडेपर्यंत शेवटचा. रविवारीसुद्धा. माझ्यानंतर नेहमी कुणीतरी कोपऱ्यावर उभं असायचं, माझ्याआधीही असायचं. माझ्या शाळेतल्या निम्म्या शिक्षिका त्यांच्याकडे शिकल्या. वर्षभर त्यांच्याकडे जागा मिळत नसे."

सरकारी वकिलाने मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. वकीलबाईंनी घसा खाकरला. मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं, आवाज पोचत नाहीये. त्यांनी तो चढवला.

"आणि विश्वास किती! आम्ही कधी पावती मागितली नाही, त्यांनी कधी दिली नाही. इतका विश्वास."

मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. सरांनी टाचांपर्यंत मान खाली घातली असती, जागा असती तर. बाई खाली बसताना त्यांच्याकडे बघून किंचित हसल्या, काम नीट झालं म्हणून. सरांना त्या क्षणी त्यांचा राग आला नाही. इतकी वर्षं त्या बाईंच्या हातून पैसे घेताना आपण त्यांना काय समजत होतो, एवढंच मनात आलं.

मग वकीलबाई उठल्या. त्यांना आता हातचं जाऊ लागलेलं सावरायचं होतं. त्या बोलल्या छान. एक मुलगा, वृद्ध आई, आईच्या गुडघ्यांचं जुनं दुखणं, उपचारांवर झालेला न संपणारा खर्च, आईला अंथरुणावरून उठणंही अवघड, आणि तरीही ती माउली आज...

न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदा कागदांवरून नजर उचलली आणि मागच्या बाकाकडे पाहिलं. सरांनीही वळून पाहिलं.

आई ताठ बसली होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग तिने पर्स बाजूला ठेवली, उजवा हात गुडघ्यावर नेला आणि हळूहळू चोळायला लागली. तोंड वेदनेने थोडं वाकडं केलं. तिला ते नीट जमत नव्हतं. आयुष्यात तिने दुखत नसताना दुखतं असं कधी दाखवलं नव्हतं, दुखत असताना नाही म्हणायचीच सवय होती.

सर उभे राहिले. वकीलबाईंचं वाक्य अर्ध्यावर होतं.

"हे खरं नाही," ते म्हणाले.

"खाली बसा," वकीलबाई पुटपुटल्या.

"आई आत्ता दोन मजले चढून आली आहे. तिचे गुडघे ठीक आहेत." सर मागे वळले. "आई, हात काढ. हात काढ गं तिथून."

आईने हात काढला.

"मग कर का भरला नाहीत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. आवाज कठोर नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असावं.

पंखा आवाज करत होता. "चालून गेलं म्हणून," सर म्हणाले. "कुणी विचारलं नाही, आणि नंतर सवय झाली. विचारलं तेव्हा लाज वाटली, म्हणून भावाचं नाव सांगितलं. दुसरं कारण नाही."

न्यायाधीशबाईंनी थोडा वेळ लिहिलं. मग निकाल वाचला. थकलेला कर व्याजासकट हप्त्यांनी भरायचा, वर दंड. गाडी शिकवण्याचा परवाना पाच वर्षांसाठी रद्द. तीन महिने कैद. "तुमच्या वकिलांनी शिक्षा कमी करावी असं जे सांगितलं त्यातलं बरंचसं मला धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतः जे सांगितलंत ते मी धरलं आहे. नाहीतर सहा महिने दिले असते."

बाहेर जिन्यापाशी वकीलबाई चिडून म्हणाल्या, "अहो, शिक्षा स्थगित होऊन घरी राहता आलं असतं तुम्हाला." त्यांना नेणारा शिपाई घड्याळ बघत होता. आई जवळ आली. त्यांच्या शर्टाची कॉलर वळली होती ती तिने सरळ केली आणि जिना उतरायला लागली.

सर आत गेल्यावर बायकोने इमारतीत सांगितलं की ते प्रशिक्षणाला बाहेरगावी गेलेत. दुसऱ्याच दिवशी शेजारणीने जिन्यात आईला गाठलं, "कसलं हो प्रशिक्षण?" आई म्हणाली, "कसलं प्रशिक्षण, तुरुंगात आहे तो. कर बुडवला."

बायको घरात येऊन रडली. "आई, निदान चार दिवस थांबायचं होतं."

"एकदा गुडघा चोळला त्याच्यासाठी, भर कोर्टात," आई म्हणाली. "पोराला माझी लाज वाटली. आता माझ्याकडून ते व्हायचं नाही. तुला काय सांगायचं ते तू सांग."

त्यानंतर बायकोने काहीच सांगितलं नाही, ना खरं ना खोटं. भाजी आणायला दूरच्या बाजारात जायला लागली.

मुलगी भेटायला आली ती इस्पितळाच्या गणवेशात. भेटीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं, सगळ्यांची बोलणी एकमेकांत मिसळत होती. सरांनी आधी आजूबाजूला पाहिलं.

"कपडे बदलून यायचंस गं. लोक बघतात."

"बघू देत. मला इथूनच ड्युटीला जायचंय." ती बसली. जरा वेळ घरचं बोलली. मग टेबलाच्या कडेवर नख घासत म्हणाली, "बाबा, एक सांगू? परवा वॉर्डात एका आजोबांनी विचारलं, तू क्लचसरांची मुलगी ना गं, चेहरा तसाच आहे. मी नाही म्हटलं."

न्यायाधीशबाईंनी तीन महिने सांगितले तेव्हाही सरांना इतकं लागलं नव्हतं.

"बरं केलंस," ते म्हणाले.

"नाही केलं बरं. पूर्ण ड्युटीभर त्यांच्या पलंगाकडे जायचं टाळत होते. त्यांची सलाईन दुसरीला बदलायला लावली. दुसऱ्या दिवशी सांगायला गेले, तर ते घरी गेले होते." तिचे डोळे भरले. "तुमचा मला राग आहे, बाबा. अजून बरेच दिवस राहील. पण ते वेगळं. मी नाही कशाला म्हटलं?"

सरांना तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, पण टेबल रुंद होतं. "ती सवय माझी आहे," ते म्हणाले. "तू नको लावून घेऊस."

ती पुढच्या आठवड्यातही आली, गणवेशातच.

सुटल्यावर पहिले काही आठवडे सर घराबाहेर पडले ते फक्त मामेभावाकडे जायला. तिथे दारातच म्हणाले, "तुझं नाव घालवलं मी." मामेभाऊ म्हणाला, "आत तर ये," आणि चहा होईपर्यंत दोघंही टीव्हीकडे बघत बसले. माफ केलं असं तो म्हणाला नाही. निघताना मात्र खाली फाटकापर्यंत आला.

गाडी विकली. तिचे पैसे हप्त्यांत गेले. मग बाजारपेठेतल्या बहुमजली पार्किंगमध्ये सरांना नोकरी लागली, बाहेर पडायच्या फाटकाशी, काचेच्या खोक्यात. गाडी आली की चिठ्ठी घ्यायची, पैसे घ्यायचे, पावती द्यायची, आडवा दांडा वर करायचा. नोकरी मिळाली याचा आनंद पहिल्या तासाभरात गेला. शहरातल्या ज्या ज्या माणसाने त्यांच्याकडे गाडी शिकली होती, ते ते माणूस आज ना उद्या तिथून बाहेर पडणार होतं, हातभर अंतरावर थांबून, काच खाली करून.

काही जण पावती घेऊन सरळ समोर बघत निघून जायचे. काही जणांचा आवाज एकदम मोठा आणि आनंदी व्हायचा. सरांनी टोपी डोळ्यांवर ओढून पाहिली, तर व्यवस्थापक म्हणाला, चेहरा दिसला पाहिजे, कॅमेऱ्यात यावा लागतो.

एके दिवशी संध्याकाळच्या गर्दीत एक तरुण थांबला. शेजारी बहुधा नवी बायको.

"सर! ओळखलंत का?"

"ओळखलं. तुला गाडी मागे घ्यायचं जमत नव्हतं."

तो हसला. बायकोला म्हणाला, "अगं, हेच ते माझे सर." मग खोक्याकडे, टोपीकडे पाहून त्याचं हसू जरा रेंगाळलं. "पण तुम्ही इथे कसे, सर?"

सरांच्या जिभेवर तयार होतं: वय झालं, बसून काम बरं. कान तापायला लागले होते. मागची गाडी हॉर्न वाजवू लागली.

"कर बुडवला होता मी," ते म्हणाले. "तीन महिने आत होतो. शिकवायची परवानगी गेली."

तरुणाची बायको आपल्या हातांकडे बघू लागली. "बरं... येतो, सर," तो म्हणाला. सरांनी पावती दिली, दांडा वर केला. गाडी थोडी हिसका घेऊन पुढे गेली.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर सर बायकोला म्हणाले, "आज एकाने विचारलं."

तिचा वाढणारा हात थांबला. "मग?"

"सांगितलं."

"सगळं?"

"मागे गाड्या थांबल्या होत्या," सर म्हणाले. "थोडक्यात सांगितलं."